प्रश्न सातवा

पहिल्या तासाला मापारी मॅडमनी फळ्यावर लिहिलं :
समाज म्हणजे माणसांची बेरीज नव्हे.
आम्ही लिहून घेतलं. बाहेर कॅन्टीनवाला
भज्यांच्या पिठात सोडा टाकत होता.

मग प्रश्नावली. आपापल्या वाड्यावरची दहा घरं :
नाव, वय, माणसं किती, जमीन कुणाच्या नावावर,
आणि सातवा प्रश्न,
हा व्यवसाय तुम्ही का निवडला?

रविवारी मी पिळगावात कागद घेऊन निघाले
तेव्हा कुत्रीसुद्धा भुंकली नाहीत.
सगळ्यांच्या ओळखीची मी, लाडू मोरजकराची धाकटी.
पण कागद दिसला की लोक खुर्ची पुसायचे
आणि मला जन्मात पहिल्यांदा "बसा" म्हणायचे.

कायतान पदेर सायकलवरून उतरलाच नाही.
एक पाय जमिनीवर, पाटीत उरलेले चार उंडे.
"का निवडला?" त्यानं भोंगा वाजवला, एकदाच,
जणू प्रश्न चाकाखाली आला होता.
"भट्टी होती गो. तिच्या उबेतच जन्मलो."
त्याचा मुलगा जहाजावर लोकांच्या चादरी बदलतो,
कुठल्या समुद्रात, ते कायतानला सांगता येत नाही.

म्हाबळूचा टिप्पर खाण बंद पडल्यापासून फणसाखाली.
टायरात पाणी, नंबरप्लेटवर अजून तांबडी माती.
बापाचं शेत त्याच मातीनं बुजलं,
मग सगळ्यांनी ट्रक घेतले तेव्हा त्यानंही घेतला.
"सगळ्यांनी" हे तो तीनदा बोलला.
मी एकदाच लिहिलं. रकाना लहान होता.

बाबलो जत्रेत ढोल वाजवतो.
"पालखीच्या पुढं असतो आमचा ढोल," छाती काढून म्हणाला.
आणि पालखी आत गेल्यावर?
ते प्रश्नावलीत नव्हतं, मी विचारलं नाही.
बाकीच्या आठ घरांत मी पाणी प्याले, दोन ठिकाणी चहा.
इथं त्यानं विचारलं नाही, मी मागितलं नाही.
हे मला रात्री कळलं, दिवा मालवल्यावर.

दहावं घर आमचं.
आई मागल्या दारी सूप मांडीवर घेऊन तांदूळ निवडत होती.
नाव विचारलं तर म्हणाली, "खंयचें?"
माहेरी ती चंद्रावळ.
दुसरं नाव बाबांनी लग्नात ताटातल्या तांदळावर
अंगठीनं लिहिलं, मावळणीनं सुचवलेलं,
घाईत शेवटचं अक्षर नीट उमटलंही नव्हतं.
रेशनकार्डावर तेच आहे. मी तेच लिहिलं.

सातवा प्रश्न तिनं दोनदा वाचून घेतला.
"निवडला," ती स्वतःशीच म्हणाली,
आणि एक खडा नखानं सुपाच्या काठाला सरकवला.
"हें तांदळांक म्हणटात."
मग मान वर न करता,
"आनी तूं? तुवें आर्ट्स कित्याक घेतलें?"

मी सांगायला लागले : आवड, माणसांविषयी कुतूहल,
जे प्रवेशाच्या मुलाखतीत सांगितलं होतं.
ती ऐकत होती. तिला माहीत होतं तेवढंच मलाही.
सायन्सचं प्रॅक्टिकल पाचला सुटायचं
आणि आमच्या वाटेची शेवटची बस साडेचारला.
त्याच वर्षी सुहासला स्कूटर घेतली होती.
सुहास माझा भाऊ. बारावीत दोनदा नापास.

वीसपैकी तेरा मिळाले.
मॅडमनी लाल शाईत विचारलंय :
घर क्र. १०, प्र. ७ कोरा का?

वही परत घ्यायला गेले तर
टेबलावर त्यांचं जुनं पाठ्यपुस्तक उघडं होतं.
पहिल्या पानावर कॉलेजातल्या मुलीच्या अक्षरात एक आडनाव,
त्यावर एकच आडवी रेघ, आणि खाली मापारी.
रेघ पट्टी लावून मारलेली,
खालचं अजून वाचता येतं.